काटेरी तारेमागचं अंकगणित

१७ सप्टेंबर १९६५च्या रात्री अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर एक विनोदी मालिका सुरू झाली. ती घडत होती हिटलरच्या जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत. महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. ज्यांनी अशा छावण्यांत खरोखर दिवस काढले होते ते लोक चाळिशी-पंचेचाळिशीत होते, नोकऱ्या-धंदे करत होते आणि शुक्रवारी रात्री तेही घरच्यांबरोबर टीव्हीसमोर बसत होते. मालिकेचं नाव ‘होगन्स हीरोज’. पहिल्याच वर्षी ती लोकप्रियतेच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेली. नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार टीव्ही असलेल्या दर शंभर घरांपैकी जवळजवळ पंचवीस घरांत ती लागत होती, म्हणजे दर आठवड्याला सव्वा कोटीहून जास्त घरांत.

४ एप्रिल १९७१ला शेवटचा नवा भाग लागला तोवर १६८ भाग झाले होते. एक भाग पंचवीस मिनिटांचा धरला तर सगळी मालिका सलग पाहायला ७० तास लागतात. पण मला थक्क करणारा आकडा दुसराच आहे. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत २,०२५ दिवस गेले. पोलंडवरच्या हल्ल्यापासून जर्मनीच्या शरणागतीपर्यंत, १ सप्टेंबर १९३९ ते ८ मे १९४५, युरोपातलं युद्ध चाललं २,०७६ दिवस. फरक फक्त ५१ दिवसांचा. अमेरिका जर्मनीशी प्रत्यक्ष लढली ती १,२४४ दिवस. त्या लढाईवरची विनोदी मालिका त्यापेक्षा दोन वर्षांहून थोडी जास्त चालली.

आणि याच काळात व्हिएतनामात खरे अमेरिकन युद्धकैदी कोठड्यांत होते. वैमानिक एव्हरेट अल्वारेझ ५ ऑगस्ट १९६४ला पकडले गेले. तेव्हा ही मालिका पडद्यावर यायला वर्षाहून जास्त अवकाश होता. मालिका आली, गाजली, सहा मोसम चालली, बंद पडली, तिचे जुने भाग पुन्हा दाखवले जाऊ लागले, आणि अल्वारेझ अजून आतच होते. १२ फेब्रुवारी १९७३ला ते सुटले तेव्हा कैदेचे ३,११३ दिवस भरले होते. त्या वर्षी व्हिएतनामातून ५९१ अमेरिकन कैदी परत आले. घरी बसून या मालिकेवर हसणाऱ्या कितीतरी कुटुंबांना या कैद्यांची बातमीसुद्धा नीट मिळत नव्हती.

मालिकेची कल्पना अशी. ‘स्टालाग १३’ या छावणीत अमेरिकन कर्नल होगन आणि त्याचे साथीदार कैदी आहेत, पण नावापुरते. बराकीखाली त्यांनी भुयारांचं जाळं खणलेलं आहे. खाट वर उचलली की शिडी, बाहेर झाडाच्या बुंध्यातून वाट. खाली वायरलेस, कपडे शिवायची सोय, खोटी कागदपत्रं छापायची सोय, पाहुण्यांना लपवायला जागा. शत्रूच्या मुलखात पडलेले वैमानिक इथे येतात आणि सुखरूप इंग्लंडला रवाना होतात. स्वतः होगनची माणसं मात्र पळत नाहीत, कारण पळाली तर सगळा कारभार उघडा पडेल. छावणीचा प्रमुख कर्नल क्लिंक येईल त्याला अभिमानाने सांगतो की आपल्या छावणीतून आजवर एकही कैदी पळालेला नाही. पलायनांची संख्या शून्य, आणि त्या शून्याला जपण्यासाठी कैद्यांचीच धडपड. कथेची ही कल्पना मला आजही अतिशय हुशार वाटते.

आता खरं भुयार पाहू. जर्मनांनी वैमानिक कैद्यांसाठी झागान गावाजवळ ‘स्टालाग लुफ्ट ३’ ही छावणी उभारली होती. तो भाग आज पोलंडमध्ये आहे. छावणीचं क्षेत्रफळ ६० एकर, आणि भरात असताना आत जवळपास ११ हजार माणसं. होगनची छावणी जिथे उभी केली होती तो कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीचा स्टुडिओचा मोकळा भूखंड ‘फॉर्टी एकर्स’ म्हणून ओळखला जाई. प्रत्यक्षात तो साडेअठ्ठावीस एकरांचा होता आणि तेवढ्यात इतर मालिका-चित्रपटांची गावं, रस्ते, दुकानंही मावली होती. टीव्हीवरची छावणी खऱ्या छावणीच्या एका कोपऱ्यात बसली असती.

१९४३च्या एप्रिलमध्ये झागानच्या कैद्यांनी एकाच वेळी तीन भुयारं खणायला घेतली. नावं ठेवली टॉम, डिक आणि हॅरी. जमिनीखाली आवाज टिपणारी यंत्रं बसवलेली होती, म्हणून भुयारं सुमारे तीस फूट खोल न्यावी लागली. माती वाळूची. धरून न ठेवल्यास ढासळायची. तिला धरून ठेवायला लाकूड लागणार, आणि छावणीत लाकूड एकाच ठिकाणी होतं: खाटांत. माणसांनी अंगाखालच्या फळ्या काढून दिल्या. एका खाटेला वीस फळ्या असतील तर आधी चार, मग सहा, मग आणखी. उरलेल्या चार-आठ फळ्यांवर अंग तोलून झोपायचं.

पलायनानंतर जर्मनांनी गायब सामानाची यादी केली. ती वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो. खाटांच्या फळ्या ४,०००. दुमजली खाटा ९०. गाद्या ६३५. टॉवेल ३,४२४. ब्लँकेट १,७००. सुऱ्या १,२१९, चमचे ४७८. वीस माणसांची जेवणाची टेबलं ५२. विजेची तार ३०० मीटर. आणि दूध पावडरीचे रिकामे डबे १,४००. हे डबे रेडक्रॉसच्या पार्सलांतून आलेले. दोन्हीकडून कापून ते एकमेकांना जोडले की हवेची नळी तयार. त्या नळीतून भात्याने हवा आत ढकलायची, तेव्हा कुठे पुढच्या माणसाला श्वास घेता यायचा. चोरलेल्या तारेवर दिवे लागले, लाकडी रुळांवर ढकलगाडी धावू लागली.

वरची माती काळपट आणि खालची वाळू पिवळीधमक. चिमूटभर सांडली तरी पहारेकऱ्याच्या नजरेत भरणार. म्हणून विजारीच्या आत लांब पिशव्या लटकवून कैदी ती वाळू मैदानात हळूहळू सोडत चालायचे. अंग डोलवत चालावं लागे म्हणून त्यांना पेंग्विन म्हणत. २००हून अधिक पेंग्विन, अंदाजे २५,००० फेऱ्या, सुमारे १०० टन वाळू. प्रत्येक फेरीला चार किलो.

एवढं करून मिळालं किती? हॅरी हे भुयार दोन फूट रुंद, दोन फूट उंच आणि ३३६ फूट लांब होतं. गुणाकार केला तर १,३४४ घनफूट. मुंबईच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट धरली, तर १,००० घनफुटांची होते. ६००हून अधिक माणसं, अकरा महिने, चार हजार फळ्या, आणि हाती आली ती चाळीतल्या सव्वा खोलीपेक्षा किंचित जास्त पोकळी, लांब दोरीसारखी ताणलेली. होगनच्या भुयारातलं निव्वळ वायरलेसचं दालन खणायचं म्हटलं तरी हॅरीच्या बरोबरीचं काम झालं असतं. ही मालिकेतली चूक म्हणून मी सांगत नाही. पण हॅरीची मापं कळल्यापासून होगनची माणसं त्या भुयारात ताठ उभी राहिलेली दिसली की माझं लक्ष कथेवरून उडून त्यांच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेकडे जातं.

२४ मार्च १९४४ची रात्र. भुयाराचं तोंड बाहेर निघालं तेव्हा कळलं की ते झाडीपर्यंत पोचलेलंच नाही. तरी ७६ जण निघाले. त्यांतले ७३ पकडले गेले. हिटलरच्या हुकमावरून गेस्टापोने ५० जणांना गोळ्या घातल्या. सुखरूप निसटले तिघे, दोन नॉर्वेजियन आणि एक डच. ज्या विजेच्या कामगारांनी तार चोरीला गेल्याचं कळवलं नव्हतं त्यांनाही ठार मारण्यात आलं. छावणीचे कमांडंट फॉन लिंडाइनर यांना लष्करी न्यायालयापुढे उभं केलं. क्लिंकला बर्लिनहून फोन आला की त्याचे पाय लटपटतात आणि प्रेक्षक हसतात. त्या लटपटण्यामागे असा हिशेब होता.

याच वर्षातला दुसरा एक आकडा आपल्या लोकांचा आहे आणि तो आपल्यालाच माहीत नाही याची मला खंत वाटते. जून १९४२मध्ये लिबियातलं टोब्रुक जर्मन सेनापती रोमेलच्या हाती पडलं तेव्हा सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. त्यांत हिंदी फौजेची अकरावी ब्रिगेड होती, आणि त्या ब्रिगेडमध्ये पाचव्या महरट्टा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण. उत्तर आफ्रिकेत असे पकडले गेलेले हजारो हिंदी जवान आधी इटलीत आणि मग जर्मनांच्या ताब्यातल्या छावण्यांत फिरत राहिले. १९४४च्या मे महिन्यात पूर्व फ्रान्समधल्या एपिनाल गावच्या छावणीत असे सुमारे तीन हजार हिंदी कैदी होते. ११ मेला अमेरिकन विमानांनी गावातल्या रेल्वेवर बॉम्ब टाकले. काही छावणीवर पडले. कैदी मेले, आणि भिंतीही पडल्या. वाचलेले बाहेर निघाले, पांगले. अंगावर परका गणवेश, चेहरा शंभर पावलांवरून ओळखू येणारा, फ्रेंच भाषेचा गंध नाही. वाटेतल्या शेतकऱ्यांनी त्यांना खायला घातलं, गोठ्यांत लपवलं, दिशा दाखवली. सुमारे शंभर किलोमीटर चालून ५०० जवान तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये पोचले.

झागानहून तिघे, एपिनालहून पाचशे. झागानवर जगप्रसिद्ध चित्रपट निघाला आणि ‘होगन्स हीरोज’सारख्या मालिकेला लागणारी हवा त्याने तयार केली. होगनच्या टोळीत अमेरिकन आहेत, इंग्रज आहे, फ्रेंच आहे. हिंदी जवान नाही. एपिनालची हकिकत तेव्हा लिहिणाऱ्यांच्या कानावर गेली असती तर १६८ भागांपैकी दोन-चार तरी तिच्यावर निघाले असते, इतकं नाट्य तिच्यात ठासून भरलेलं आहे.

होगनच्या टोळीतला फ्रेंच कॉर्पोरल लबो स्वयंपाकात पटाईत. क्लिंकच्या मेजवान्या तोच रांधतो आणि पहारेकरी सार्जंट शुल्त्सला खाण्याची लाच देऊन गप्प करतो. खऱ्या छावण्यांतही अन्न हेच सर्वांत मोठं चलन होतं, कारण जर्मनांच्या शिध्यावर पोट भरत नसे. अमेरिकन आणि इतर दोस्त देशांचे कैदी तगले ते बऱ्याच अंशी रेडक्रॉसच्या पार्सलांवर. अमेरिकेत १३,५०० स्वयंसेवकांनी मिळून २ कोटी ७० लाखांहून अधिक पार्सलं बांधली. एक पार्सल साधारण पाच किलोचं. एकूण वजन सव्वा लाख टनांच्या वर जातं. मांस, चीज, मार्गारिन, चॉकलेट, साबण, सिगारेट आणि तीच दूध पावडर, जिच्या डब्यांतून हॅरीला हवा गेली.

जर्मनीच्या हाती सुमारे ९४ हजार अमेरिकन सैनिक कैदी म्हणून सापडले. त्यांतले सुमारे ११०० कैदेत मेले. शंभरात एकाहून थोडे जास्त. शेवटच्या महिन्यांत त्यांचेही हाल कुत्रं खाणार नाही असे झाले. बव्हेरियातली मोसबुर्गची छावणी १० हजार माणसांसाठी बांधलेली होती, २९ एप्रिल १९४५ला तिची सुटका झाली तेव्हा आत सुमारे ८० हजार होते. पण १९२९च्या जिनिव्हा कराराची काहीएक बूज या कैद्यांच्या बाबतीत राखली गेली. होगन क्लिंकला उठल्यासुटल्या त्या कराराची आठवण देतो, आणि मालिकेतला बराच विनोद त्यावर उभा आहे.

सोव्हिएत रशियाने त्या करारावर सही केलेली नव्हती. जर्मनीने केली होती आणि तिच्यावर तो बंधनकारक होता, पण रशियन कैद्यांना तो लागू नाही ही सबब तिने पुढे केली. जर्मनांनी एकंदर सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक पकडले. त्यांतले सुमारे ३३ लाख मेले. उपासमारीने, थंडीने, टायफसने, गोळ्यांनी. सर्वांत भयानक काळ पहिला. जून १९४१मध्ये हल्ला झाला आणि फेब्रुवारी १९४२पर्यंत सुमारे २० लाख कैदी मेलेले होते. आठ महिने, वीस लाख, रोज सरासरी आठ हजारांच्या वर. या गतीने जर्मनीतले सगळेच्या सगळे अमेरिकन युद्धकैदी बारा दिवसांत संपले असते. तार तीच, मनोरे तसेच, पहारेकऱ्यांच्या अंगावर गणवेशही त्याच सैन्याचे. कुणाच्या छातीवर कुठल्या देशाचा बिल्ला आहे एवढ्यावर शंभरातला एक मरणार की शंभरातले अठ्ठावन्न, हे ठरत होतं.

मालिकेतल्या छावणीजवळचं हामेलबुर्ग हे गावही खरं आहे, फ्रँकोनियातलं. तिथे स्टालाग १३-सी होती आणि शेजारी अधिकाऱ्यांची छावणी. मार्च १९४५मध्ये जनरल पॅटन यांनी शत्रूच्या हद्दीत ऐंशी-नव्वद किलोमीटर आत सुमारे ३०० सैनिक आणि पन्नासहून अधिक गाड्या पाठवल्या. त्या छावणीत पॅटन यांचे जावई कैद होते. मोहीम पार फसली. एकूण एक गाडी गेली, बहुतेक सैनिक मेले किंवा स्वतःच कैदी झाले. काही दिवसांनी अमेरिकन फौज तिथे आपसूक पोचलीच.

या मालिकेवर पहिल्यापासून एक आक्षेप आहे, की नाझींच्या छावणीवर विनोद करताच कसा येतो. तो आक्षेप हलका नाही. त्याला उत्तर देण्याचा सर्वांत मोठा अधिकार पडद्यावर वावरणाऱ्या माणसांनाच होता. क्लिंकचं काम करणारे वेर्नर क्लेम्परर हे विख्यात संगीत-संचालक ओटो क्लेम्परर यांचे चिरंजीव. १९३३मध्ये कुटुंबासह जर्मनी सोडावी लागलेले ज्यू. त्यांनी अट घातली होती की क्लिंक कधीही जिंकता कामा नये, जिंकला तर मी काम सोडीन. १६८ भागांत ती अट पाळली गेली. या भूमिकेसाठी सलग पाच वर्षं त्यांना एमीचं नामांकन मिळालं, त्यांतली दोन वर्षं पुरस्कारही मिळाला. मला काही दिसलं नाही, मला काही ठाऊक नाही, असं घोकणाऱ्या शुल्त्सच्या कामात जॉन बॅनर होते, ऑस्ट्रियन ज्यू, १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा नाटक कंपनीबरोबर स्वित्झर्लंडमध्ये असल्यामुळे वाचलेले. त्यांचे नातलग वाचले नाहीत. जनरल बुर्कहाल्टर रंगवणारे लिऑन ॲस्किन व्हिएन्नाचे. त्यांचे आईवडील ट्रेब्लिंकात मारले गेले. गेस्टापोचा मेजर झालेले हॉवर्ड केन हेही ज्यूच. नाझींच्या चार प्रमुख भूमिका, आणि चौघेही ज्यू.

आणि लबो. ते काम करणारे रॉबर्ट क्लॅरी १९२६मध्ये पॅरिसला जन्मले, चौदा भावंडांत सर्वांत धाकटे. सप्टेंबर १९४२मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यांना घरच्यांसह पकडून पूर्वेकडे पाठवलं. ओटमुट, ब्लेखहामर, ग्रोस-रोझेन आणि शेवटी बुखेनवाल्ड. एकतीस महिने. हातावर गोंदलेला क्रमांक ए ५७१४. बुखेनवाल्डमध्ये ते गात असत, आणि गाण्याने आपल्याला जगवलं असं त्यांनी पुढे सांगितलं. ११ एप्रिल १९४५ला छावणी मुक्त झाली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. जवळच्या कुटुंबातल्या ज्या बारा जणांना ऑश्विट्झला नेलं होतं, त्यांतलं कुणीही परतलं नाही.

फ्रान्समधून असे सुमारे ७६ हजार ज्यू पाठवले गेले. परत आले सुमारे अडीच हजार. दर तिसांतला एक. तो एक दर आठवड्याला सव्वा कोटी घरांत कैद्याचा वेश करून शुल्त्सला पेस्ट्री भरवत होता.

हे काम तुम्ही करू कसं शकलात, असं क्लॅरी यांना जन्मभर विचारलं गेलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मालिका सैनिकांच्या कैदेवर आहे, संहारछावणीवर नाही. सैनिकांनी सोसलं ते मी कमी लेखत नाही, पण दोन्हींत दिवस-रात्रीचं अंतर आहे. हे म्हणायचा हक्क त्यांना होता, आणि वर मांडलेले आकडे त्यांच्या बाजूने बोलतात. ज्यांना त्या छावण्यांतला फरक माहीत नव्हता त्यांनी मालिकेवर रागवावं हे मी समजू शकतो. क्लॅरी यांना तो अंगावरच्या शाईइतका माहीत होता.

१९८०पर्यंत, म्हणजे सुटकेनंतर पस्तीस वर्षं, ते या विषयावर जाहीरपणे बोलले नाहीत. ज्यूंचा संहार झालाच नाही असं म्हणणाऱ्यांचा आवाज वाढला तेव्हा ते घराबाहेर पडले आणि शाळा-कॉलेजांत जाऊन वर्षानुवर्षं बोलत राहिले. २००१मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि त्याच्या शीर्षकात होलोकॉस्ट आणि होगन्स हीरोज ही दोन्ही नावं शेजारी-शेजारी ठेवली. नोव्हेंबर २०२२मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी ते वारले. सुरुवातीच्या संचातले बाकीचे सगळे प्रमुख नट त्यांच्या आधी गेले होते.